नवऱ्याच्या गोष्टीतली बाई

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने एका मासिकात क्रमशः कादंबरी लिहायला घेतली, आणि त्या कादंबरीतल्या बाईचा मी मनापासून मत्सर केला. खऱ्या सवतीचा करतात तसा. ती दिसते कशी, बोलते कशी, माझ्यापेक्षा तिच्यात जास्त काय आहे, हे मी दर महिन्याला तपासून बघत असे. ती आकाशातून पडलेली होती, त्यामुळे तिच्याशी भांडायला जाण्याचीही सोय नव्हती.

आम्ही गिरगावात राहत होतो. चाळीतल्या दोन खोल्या, एक बाहेरची, एक स्वयंपाकाची. माणसं तीनच: नवरा, सासूबाई आणि मी. नवरा जवळच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा. मी परळला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायला जायची, सकाळच्या पाळीत. आमची ओळख दादरच्या एका वाचनालयात झाली होती. तिथल्या पुस्तकांत कोणीतरी पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घ सुधारून ठेवायचं. मी एकदा ग्रंथपालांना म्हटलं, पुस्तकं खराब करणाऱ्या या माणसाला दंड करा. शेजारी उभा असलेला एक किडकिडीत तरुण कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "पण चुकलेलं दिसत असताना तसंच कसं ठेवायचं?"

त्या एका वाक्यावर मी भाळले. चूक दिसली की हा माणूस गप्प बसत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

मी कोळ्याची मुलगी. वडील होडीवर, आई पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी. आमच्या कोळीवाड्यात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. तो गिरगावातल्या ब्राह्मणाचा एकुलता एक, वडील लहानपणीच गेलेले. आम्ही रजिस्टर लग्न केलं. सासूबाईंनी आकांडतांडव केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आणलीस, तू सांभाळ. माझं मला करू दे."

त्यांचं त्यांना करू देणं म्हणजे काय, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकायचं नाही. माझं ताट, वाटी, पेला बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पालथं. जेवायच्या वेळी मी उंबऱ्याशी बसायचं, सासूबाई आतून वाकून वाढणार, शिवू नये म्हणून पोळी जरा उंचावरून सोडणार, पाणी वरून ओतणार. नवरा आत पाटावर बसून जेवायचा. मला त्याची पाठ दिसायची.

त्या मला कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत, हेही सांगायला हवं. मला ताप आला तेव्हा त्यांनी काढा केला आणि उंबऱ्यावर ठेवून "गरम आहे तोवर घे" म्हणाल्या. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. कोळीणच मी. पण त्या इतक्या सभ्यपणे मला बाहेर ठेवत होत्या की भांडणाला तोंड कुठून फोडायचं तेच कळेना.

नवऱ्याला मी विचारलं होतं. "तुम्ही काहीच बोलणार नाही का?"

"तिचं वय झालंय गं. हळूहळू होईल सगळं."

"हळूहळू म्हणजे काय? कोणीतरी सुरुवात केली की मग होतं ना हळूहळू?"

तो चष्मा पुसत बसला. अवघड प्रश्न आला की त्याच्या चष्म्यावर नेहमी काहीतरी असायचं.

अशात ती कादंबरी सुरू झाली. लालबागच्या एका चाळीच्या गच्चीवर दूरच्या ताऱ्यावरची बाई येऊन पडते. तिच्या हाताला सहा बोटं, डोळ्यांत बुबुळं नाहीत, उन्हात उभी राहिली तरी सावली पडत नाही. त्या चाळीतला एक तरुण फिटर तिला आपल्या खोलीत आणतो. चाळीतली पोरं तिला "वरची" म्हणतात. आणि माझ्या नवऱ्याने त्या वरचीच्या अंगाला केवड्याचा वास दिला होता.

ते वाचलं त्या दिवशी मी शाळेतून आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मासळीला हात लावून मला वर्ष होऊन गेलं होतं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. नवरा छापखान्यातून दिवेलागणीला यायचा. म्हणून मासिक आलं की दुपारी मी त्यांना वाचून दाखवायची. त्या उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायच्या, मी बाहेर. आमच्या दोघींत तेवढं एकच मोकळेपणाचं होतं. मुलाने लिहिलेलं म्हणून त्या कौतुकाने ऐकायला लागल्या, आणि दोन-तीन महिन्यांत मुलाला विसरून त्या वरचीत गुंतल्या. "बाई गं, एकटी पडली असेल," म्हणायच्या. "तिच्या आईला तरी ठाऊक असेल का ही कुठे आहे ते?" एका भागात चाळीतल्या बायका नळावर वरचीची बादली लाथेने सारतात. ते ऐकताना सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी वाचता वाचता थांबले. माझा पेला खिडकीखाली पालथा होता आणि त्या तिच्यासाठी रडत होत्या.

त्याच भागात पुढे फिटरची आई म्हणते, या असल्या बाईला मी चुलीपाशी येऊ देणार नाही. आणि तो फिटर आईसमोर उभा राहून म्हणतो, "हिच्या हातचं पाणी मी सगळ्यांदेखत पिईन, आणि मगच या घरात जेवीन."

त्याने ते किती छान लिहिलं होतं! फिटरचा आवाज कापतो, पण तो मागे हटत नाही. मी ते वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शाब्बास. मुलगा असावा तर असा."

त्या संध्याकाळी नवरा आल्याबरोबर मी त्याला गॅलरीत गाठलं.

"ती बाई कोणावरून घेतलीत?"

"कोणावरून नाही. मनातली आहे."

"म्हणजे तुमच्या मनात एक बाई आहे, आणि तिच्यासाठी तुम्ही आईशी भांडू शकता."

तो हसला. "अगं, ती खरी नाही."

"तेच तर म्हणते मी."

त्याचं हसू गेलं. तो आत जाऊन पाटावर बसला. मी त्याच्या पाठीकडे बघत जेवले.

बाहेर तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. गिरगावात रोज सभा, रोज मोर्चा, मध्येच संचारबंदी. आमच्या चाळीखालून मोर्चा जायचा तेव्हा सासूबाई इतर बायकांबरोबर खाली जाऊन माणसांना पाणी द्यायच्या. कोणाला जात विचारायच्या नाहीत. वरून ओंजळीत ओतायचं म्हटल्यावर विचारायची गरजही नव्हती. सगळे मराठी एक, असं सगळेच ओरडत होते. मीही ओरडत होते, आणि मला ते खरंच वाटतही होतं. पण घरी येऊन पेला उलटा करताना मला त्या घोषणेचाही राग यायचा.

मग नवऱ्याने सत्याग्रहात नाव दिलं. मला न विचारता दिलं. छापखान्यातले काही जण मिळून गेले, सगळ्यांना पकडलं आणि महिनाभराची शिक्षा झाली. चाळीने त्याला हार घालून पाठवलं. सासूबाईंनी ओवाळलं. मी टाळ्या वाजवल्या. सरकारसमोर उभं राहायची हिंमत आहे, लाठी खायची तयारी आहे, आणि आईसमोर नाही, हे माझ्या मनातून काही केल्या जाईना.

तो तुरुंगात गेला तेव्हा कादंबरीचा शेवटचा भाग राहिला होता. आधीच्या भागात चाळकऱ्यांनी गच्चीवर बैठक बोलावली होती: वरचीला ठेवायचं की घालवायचं. फिटर बोलायला उभा राहतो, तिथे भाग संपला होता.

एका दुपारी मासिकाचे संपादक जिने चढून आले. गोरेपान, उंच गृहस्थ, गळ्याशी बटण लावलेला कोट. खुर्चीवर टेकून ते म्हणाले, "शेवटचा भाग लिहून ठेवलाय का त्यांनी?"

"नाही."

"पंचाईत आहे. अंक छपाईला जायचाय. वाचकांना कबूल केलंय. मीच लिहून टाकतो मग. काय आहे त्यात? ती उडून जाते आपल्या ताऱ्यावर. चाळीतले लोक हात हलवतात. वाचक डोळे पुसतो. झालं."

मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, असं वाटलं.

"मी लिहिते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे आणि मग उंबऱ्याआड बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्ही लिहिता?"

"फळ्यावर लिहिते रोज."

"ठीक आहे. नाव मात्र त्यांचंच राहील."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बाहेरच्या खोलीत बसून लिहायला लागले. मला अडखळायला झालंच नाही. फिटर बोलायला उभा राहतो आणि त्याला शब्द सुचत नाहीत. तो आईकडे बघतो, चाळीकडे बघतो आणि खाली बसतो. त्याची पाठ मी नीट लिहिली. ती पाठ मला पाठ होती. चाळकरी हात वर करून ठरवतात की ही बाई आपली नाही. वरची कोणाशी न बोलता कठड्यावर चढते. ती जाते तेव्हा मागे काहीच उरत नाही. मी लिहिलं, आणि उंदीर घालवल्यावर घर कसं मोकळं वाटतं तसं मला वाटलं.

संध्याकाळी मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या कठड्यापर्यंत ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "थांब. हे त्याने लिहिलेलं नाही."

"मी लिहिलंय."

"कुठे जाईल ती बिचारी? आता तिचं तिथे तरी कोण राहिलंय? राहू दे तिला."

"चाळ नको म्हणते."

"चाळीचं काय ऐकायचं? चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील."

मी कागद खाली ठेवले. "सासूबाई, तुम्ही त्या गच्चीवर असतात तर काय म्हणाला असतात?"

"म्हटलं असतं, राहू दे."

"आणि तिला पाणी कशातून दिलं असतंत?"

खालून ट्राम गेल्याचा खडखडाट आला. मला वाटलं त्या उठून आत जातील. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती गोष्टीतली आहे. तिला कुठे तहान लागते?"

"मला लागते."

"तू खरी आहेस ना," त्या म्हणाल्या. अगदी हळू, जणू त्यांचीच काहीतरी अडचण मला समजावून सांगत होत्या. "तुझं सगळं खरंखरं करावं लागतं. मला आता या वयात ते जमत नाही गं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण एवढं खरं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, आणि माझा नवराही बोलला नव्हता.

दोन दिवस मी त्या कागदांना हात लावला नाही. मनातून मला तो शेवट तसाच द्यायचा होता. मी ज्याला ज्याला मुकले होते ते सगळं त्या बाईला मिळालं होतं: नवऱ्याचे शब्द, सासूचे अश्रू. निदान घर तरी तिला मिळू नये. पण वर्गात मुलींना शुद्धलेखन घालताना माझ्या मनात आलं की हे मासिक आमच्यासारखंच दुसऱ्या घरांतही मोठ्याने वाचतात. कुठल्याशा चाळीत माझ्यासारखीच एखादी बाहेर बसून हे वाचत असेल. तिच्या तोंडून तिच्याच घरच्यांना मी हे ऐकवणार, की शेवटी घालवून द्यायचंच असतं? फिटर बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. चाळ काय करेल, हेही ठाऊक होतं. म्हणून तसंच लिहिणं मला भाग होतं का?

मी पुन्हा लिहिलं. फिटर याही वेळी खाली बसतो; त्याला बोलतं करणं मला जमलं नाही आणि मला करायचंही नव्हतं. पण तो बसल्यावर वरची स्वतः बोलते. ती म्हणते, "मला तहान लागली आहे." एवढंच. पाणी कोण आणणार आणि कशात आणणार, याची सगळे वाट बघतात. मग फिटरची आई उठते, जिना उतरते. चाळकऱ्यांना वाटतं ती रागाने निघून गेली. ती परत येते तेव्हा तिच्या हातात तिचं स्वतःचं फुलपात्र असतं, रोज जेवताना पाटाशी ठेवायचं ते. ती ते वरचीच्या सहा बोटांत देते, आणि वरची तोंड लावून पाणी पिते.

ते लिहिताना मी रडले. आनंदाने नाही. माझ्याच हाताने मी ते तिला देत होते आणि मलाच तिचा हेवा वाटत होता.

केवड्याचा वास मात्र मी काढून टाकला. गच्चीवरच्या उन्हात वरचीला घाम येतो, आणि तिच्या अंगाला माणसाच्या घामाचा वास येतो, असं लिहिलं. तेवढं मी माझ्यासाठी केलं.

अंक निघाला. संपादकांना शेवट पसंत पडला नव्हता, पण त्यांच्याकडे वेळ नव्हता. लोकांना आवडला. चाळीतले लोक मला जिन्यात थांबवून सांगायचे, "तुमच्या यजमानांनी काय शेवट केलाय!" मी "हो ना" म्हणायची आणि घरी येऊन आदळआपट करायची.

नवरा सुटून आला तो काळवंडून, बारीक होऊन आणि दाढी वाढवून. पुन्हा हार, पुन्हा ओवाळणं. दुपारी जेवायची वेळ झाली. सासूबाईंनी आत पाट मांडला. तो आत गेला, आपलं वाढलेलं ताट उचललं, बाहेर आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

"हे काय?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"तुरुंगात सगळे ओळीने बसून जेवायचो. एकट्याने बसायची सवय गेली," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

मी वाट बघत होते. तो अजून काहीतरी बोलेल, आवाज कापेल, फिटरसारखं एखादं वाक्य येईल. आलं नाही. मला वाक्य हवं होतं, आणि मला ताट मिळालं. त्या दिवशी ते मला कमीच वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही त्याने ताट बाहेर आणलं, आणि तिसऱ्या दिवशीही. सासूबाई आता दोघांना वाकून वाढू लागल्या.

शेवटचा भाग त्याने दोनदा वाचला. "दोन ठिकाणी दीर्घ हवं," म्हणाला. मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. "माझा फिटर बोलला असता."

"माझा नाही बोलला."

तो चष्मा पुसायला लागला आणि मध्येच थांबला. संध्याकाळी जाऊन त्याने संपादकांना सांगितलं की शेवट बायकोचा आहे, तसं छापा. पुढच्या अंकात तशी ओळ आली. त्यानंतर लोक जिन्यात माझं कौतुक करू लागले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हेवा कसा दिसतो ते मला चांगलं ठाऊक होतं. तो त्याच्या तोंडावर बघायला मला आवडायचं, हेही खोटं कशाला सांगू?

माझी आई पाटी रिकामी झाली की कधी कधी मला भेटायला यायची, तेव्हा ती दाराबाहेर गॅलरीतच थांबायची. एकदा ती आली तेव्हा सासूबाईंच्या हट्टाखातर मी तो शेवट पुन्हा वाचत होते. आई दारात उभी राहून ऐकायला लागली. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, आत बसून ऐका. दारात उभं राहिल्यावर उजेड अडतो."

आई पाटी बाहेर ठेवून आत आली आणि जमिनीवर टेकली. मी वाचून संपवलं. दोघी म्हाताऱ्या नाक ओढत होत्या.

"मंग आता ती काय करते गो?" आईने मला विचारलं.

"काय करणार? नळावर पाणी भरते, बायकांशी भांडते," मी चिडून म्हटलं.

"भांडू दे," सासूबाई आईला म्हणाल्या. "घरचीच आहे आता."

आईने मान डोलावली. मग त्या दोघी वरचीच्या सहा बोटांना बांगड्या कशा चढत असतील, यावर बोलत बसल्या. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

पुढे सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चुलीच्या धुराजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. कोणी काही जाहीर केलं नाही. पहिल्या दिवशी त्या बाहेर माझ्या जागेवर बसल्या आणि मी केलेली आमटी जेवल्या. मीठ जास्त झालंय म्हणाल्या. त्यानंतर बरीच वर्षं त्या माझ्या हातचं जेवत राहिल्या, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे माझ्याबद्दल चांगलं बोलत, असं मला बाहेरून कळायचं. पण घरची हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नाही. निदान मला ऐकू येईल असा तरी नाही.